बॅटरीचा हिशेब : नागपूरच्या रस्त्यावरून विद्युत परिपथाकडे
(भाषणाचा मजकूर)



विजेवर चालणारे वाहन ही नागपूरकरांच्या दृष्टीने आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. २६ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी व राज्याचे मुख्यमंत्री श्री. देवेंद्र फडणवीस यांच्या उपस्थितीत सुमारे २०० विद्युत वाहनांचा ताफा या शहरात सेवेत दाखल झाला. टॅक्सी, बस, ई-रिक्षा अशी निरनिराळी वाहने एकाच योजनेत आणणारा देशातील तो पहिला प्रकल्प होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेट्रोल पंपाच्या आवारातील चार्जिंग केंद्रही इंडियन ऑइलने प्रथम नागपुरातच सुरू केले. पुढे २०१८, २०२१ व २०२५ अशी तीन वेळा राज्याची विद्युत वाहन धोरणे आली. आज ई-रिक्षा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे आणि सौर पथदीप तर खेडोपाडी उभे आहेत.

तथापि, या प्रवासाच्या पहिल्याच वर्षात एक अडचण ठळकपणे पुढे आली. चार्जिंगसाठी तासन् तास ताटकळावे लागते, उन्हाळ्यात वातानुकूलन सुरू ठेवल्यास गाडी कमी अंतर जाते आणि रांगेत गेलेल्या वेळेमुळे दिवसाची कमाई बुडते, अशा चालकांच्या तक्रारी त्या काळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. काही चालकांनी गाड्या परत केल्याचीही वृत्ते आली. वाहन तेच आणि वीजही तीच, मग घोटाळा कोठे होता ? तो बॅटरीच्या स्वभावात होता. बॅटरी ही पेट्रोलच्या टाकीसारखी नाही. टाकीत दहा लिटर ओतले, तर दहा लिटर मिळतात. बॅटरीतून किती मिळेल, हे मात्र ती किती वेगाने, किती उष्णतेत आणि कोणत्या वयात रिकामी केली जाते, यावर अवलंबून असते. हा स्वभाव आधी कागदावर ओळखण्याचे शास्त्र म्हणजे विद्युत परिपथाच्या साह्याने केलेले बॅटरीचे सदृशीकरण होय.

प्रतिमान कशासाठी ?

पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी फ्रान्समधील गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये तयार केली. ती शिसे व आम्ल यांची होती आणि तिचीच वंशज आजही असंख्य ई-रिक्षांत व इन्व्हर्टरमध्ये आढळते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या दोन्ही प्रकारांच्या पोटात चालणाऱ्या रासायनिक क्रिया अत्यंत गुंतागुंतीच्या आहेत. प्रत्येक वेळी त्यांची समीकरणे मांडत बसल्यास व्यवहारातील एकही प्रश्न वेळेत सुटावयाचा नाही.

यावरील तोड विद्युतशास्त्राने फार पूर्वीच शोधून ठेवली आहे. १८८३ मध्ये लेऑन थेवेनिन या फ्रेंच तार अभियंत्याने एक सिद्धांत मांडला. विद्युतस्रोत व रोध यांचे जाळे कितीही मोठे असो, बाहेरून पाहणाऱ्यास ते एक विद्युतस्रोत व त्याला जोडलेला एक रोध एवढेच भासते, असे त्याचे सार आहे. बॅटरीलाही हीच दृष्टी लावता येते. आत काय घडते ते क्षणभर बाजूस ठेवावे आणि तिच्या दोन टोकांशी जे दिसते, तेच दाखविणारा साधा परिपथ कागदावर मांडावा. असा परिपथ म्हणजे बॅटरीचे प्रतिमान. त्यावर हवा तो भार टाकून काय घडते ते गणिताने किंवा संगणकावर पाहणे, म्हणजे सदृशीकरण.

विहीर, नळ आणि पाझर

विदर्भातील शेतकऱ्याला हे प्रतिमान समजावून सांगणे कठीण नाही, कारण ते त्याच्या विहिरीत रोज दिसते. विहिरीवर पंप सुरू केला की पाण्याची पातळी झपाट्याने उतरते. पंप बंद करून काही वेळ थांबले की भोवतालच्या जमिनीतून पाझर येऊन पातळी पुन्हा वर चढते. ती उतरली म्हणजे भूगर्भातील पाणी संपले असे नव्हे; उपशाचा वेग पाझरापेक्षा अधिक होता, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय अरुंद नळातून जोराने पाणी ओढले की घर्षणामुळे काही दाब तेथल्या तेथे वाया जातो, तो वेगळाच.

बॅटरीच्या प्रतिमानात याच तीन गोष्टी असतात. भूगर्भातील साठ्याच्या जागी एक मोठे धारित्र किंवा विद्युतस्रोत असतो. बॅटरी विश्रांतीत असताना त्याचे व्होल्टेज साठा किती शिल्लक आहे ते सांगते. नळातील घर्षणाच्या जागी अंतर्गत रोध असतो आणि प्रवाह सुरू होताच तेथे व्होल्टेजची घट तत्क्षणी होते. पाझराच्या जागी एकमेकांना समांतर जोडलेले एक रोध व एक धारित्र यांची जोडी असते. तिच्यामुळे व्होल्टेज हळूहळू उतरते आणि भार काढल्यावर हळूहळूच सावरते.

हे तीन घटक मोजावयाचे कसे ? पूर्ण विश्रांतीत असलेल्या एका लिथियम घटाचे व्होल्टेज ४.०० आहे असे समजू. त्यातून २ अँपिअर प्रवाह घेताच ते एकदम ३.९० झाले. ०.१० व्होल्टची घट २ अँपिअरने भागली की अंतर्गत रोध ०.०५ ओहम निघतो. प्रवाह तसाच ठेवला असता व्होल्टेज काही मिनिटांत ३.८६ वर स्थिरावले. ही आणखी ०.०४ व्होल्टची घट म्हणजे पाझराच्या जोडीतील ०.०२ ओहमचा रोध. प्रवाह तोडताच व्होल्टेज उडी घेऊन ३.९६ होते आणि मग सावकाश ४.०० च्या किंचित खाली येऊन थांबते. या सावरण्यास किती वेळ लागला, त्यावरून धारित्राचे मूल्य काढता येते. एक मल्टिमीटर, एक घड्याळ व एक ठरावीक भार एवढ्याच सामग्रीवर बॅटरीची कुंडली अशी मांडता येते.

चढावर थांबणारी रिक्षा

या कुंडलीचा उपयोग काय, हे ई-रिक्षाच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ई-रिक्षात साधारणतः १२ व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या एकीमागे एक जोडून ४८ व्होल्टचा संच केलेला असतो. संच नवा असताना त्याचा एकूण अंतर्गत रोध ०.०४ ओहम धरू. बॅटऱ्या निम्म्या रिकाम्या झाल्या असता प्रत्येकीचे विश्रांतीतील व्होल्टेज सुमारे १२.२, म्हणजे संचाचे ४८.८ असते. उड्डाणपुलाच्या चढावर मोटारीने ५० अँपिअर प्रवाह ओढला, तर २ व्होल्टची घट होऊन ४६.८ व्होल्ट उरतात आणि रिक्षा विनासायास चढ चढते.

आता तोच संच जुना झाला व त्याचा रोध तिपटीने वाढून ०.१२ ओहम झाला असे समजू. निम्मा साठा शिल्लक असूनही त्याच चढावर ६ व्होल्टची घट होते आणि ४२.८ व्होल्टच उरतात. नियंत्रक ४३ व्होल्टखाली मोटार बंद करणारा असेल, तर प्रवाशांसह रिक्षा मध्येच थांबते. पाच मिनिटांनी ती पुन्हा चालू होते. चालक बुचकळ्यात पडतो आणि मोटार बिघडली, की वायर सैल झाली, अशी शोधाशोध सुरू होते. प्रत्यक्षात बिघाड रोधाचा आहे. एवढेच नव्हे, तर नव्या संचात ५० अँपिअरला १०० वॅट उष्णता निर्माण होत होती, ती जुन्या संचात ३०० वॅट होते. ज्या विजेचे पैसे चालकाने मोजले, तीच वीज बॅटरीची पेटी तापविण्यात खर्ची पडते.

क्षमतेच्या आकड्याविषयीही असाच गैरसमज आढळतो. बॅटरीवर १०० अँपिअर-तास असे छापलेले असते. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत हा आकडा बहुधा २० तासांच्या संथ विसर्जनाचा, म्हणजे ५ अँपिअर प्रवाहाचा असतो. तिच्यातून २५ अँपिअर घेतल्यास ती ४ तास टिकेल, असे त्रैराशिक सांगते. परंतु वेगाने उपसलेली बॅटरी त्रैराशिक पाळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्ये यासंबंधीचा नियम मांडला. त्यातील घातांक १.२ धरल्यास हीच बॅटरी सुमारे २.९ तासच टिकते, म्हणजे हाती लागतात सुमारे ७२ अँपिअर-तास. कर्ज काढून रिक्षा घेणाऱ्याने दिवसाच्या फेऱ्यांचा हिशेब शंभरावर केला, तर हप्त्याचे गणित पहिल्याच महिन्यात चुकते.

रांग का लागते ?

चार्जिंगचा प्रश्नही याच परिपथातून उलगडतो. लिथियम घटाला ४.२० व्होल्टच्या वर नेणे धोक्याचे असते. वर मोजलेल्या घटाचा एकूण रोध ०.०७ ओहम आहे. त्यास २ अँपिअरने चार्ज करताना ०.१४ व्होल्ट रोधावरच पडतात. म्हणून बाहेर ४.२० व्होल्ट दिसू लागतात, तेव्हा आतील खरे व्होल्टेज ४.०६ च असते. घट अद्याप भरलेला नसतो, पण मर्यादा मात्र आलेली असते. येथून पुढे चार्जरला व्होल्टेज स्थिर ठेवून प्रवाह क्रमाक्रमाने कमी करावा लागतो. भरलेल्या बसमध्ये शेवटच्या चार प्रवाशांना जागा करून देण्यास वेळ लागतो, तसाच हा प्रकार आहे.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. जलद चार्जिंगमध्ये शेवटच्या पंधरा-वीस टक्क्यांसाठी लागणारा वेळ हा त्यांच्या प्रमाणापेक्षा कितीतरी अधिक असतो. प्रत्येक वाहन शंभर टक्के भरेपर्यंत केंद्र अडवून बसले, तर मागील रांग वाढत जाते. उलट दिवसा ऐंशी टक्क्यांवर वाहन सोडावे आणि पूर्ण चार्जिंग रात्री संथपणे करावे, असा शिरस्ता पाळला, तर तितक्याच यंत्रांवर अधिक वाहनांची सोय होऊ शकते. चार्जिंग केंद्राची आखणी करताना किती यंत्रे बसविली, एवढेच पाहून भागत नाही. दुपारी एकच्या सुमारास किती वाहने, किती शिल्लक साठा घेऊन येतील आणि प्रत्येकास किती मिनिटे लागतील, याचे सदृशीकरण आधी झाले पाहिजे. यंत्रे बसविल्यानंतर केलेला हिशेब महाग पडतो, आणि त्याची किंमत रांगेतील चालक मोजतो.

नागपूरचा उन्हाळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही, तर हिवाळ्यात पहाटे तो दहा अंशांखालीही उतरतो. बॅटरीच्या प्रतिमानात ही तफावत धरावीच लागते. थंडीत अंतर्गत रोध वाढतो आणि सकाळी पहिल्या फेरीला गाडी मंद वाटते. उन्हाळ्यात रोध कमी होतो, त्यामुळे बॅटरी ताजीतवानी भासते. पण हे सुख फसवे असते, कारण त्याच उष्णतेने आतील अनिष्ट क्रिया वेगाने होऊन तिचे आयुष्य घटते. सरासरी तापमान दर दहा अंशांनी वाढले की शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते, असा ढोबळ नियम अभियंते वापरतात.

उष्णतेचा हा हिशेबही परिपथाच्याच भाषेत मांडता येतो. उष्णतेला प्रवाह, तापमानाला व्होल्टेज आणि पेटीच्या बंदिस्तपणाला रोध मानले की झाले. समजा, पेटीचा औष्णिक रोध दर वॅटला ०.२५ अंश आहे आणि आत सरासरी ४० वॅट उष्णता निर्माण होते. मग बॅटरी बाहेरील हवेपेक्षा १० अंशांनी अधिक तापेल, म्हणजे ४५ अंशांच्या दुपारी ती ५५ अंशांवर असेल. हवा खेळती ठेवून हा रोध निम्मा केला, तर तापमान ५ अंशांनी उतरते. सावलीत उभे करणे, पेटीस झरोके ठेवणे, भर उन्हातून आल्याबरोबर चार्जिंग न लावता थोडी विश्रांती देणे, या बिनखर्ची सूचनांमागे असे गणित आहे. २०२२ मध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागण्याच्या घटना घडल्या. त्यानंतर केंद्र शासनाने बॅटरीच्या सुरक्षिततेची मानके अधिक कडक केली. त्या मानकांचे महत्त्व विदर्भासारख्या उष्ण प्रदेशात विशेष आहे.

ग्रामपंचायतीचा पथदीप

पंचायत सदस्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा विषय सौर पथदीपाचा. पहिल्या वर्षी लख्ख जळणारा दिवा दुसऱ्या-तिसऱ्या पावसाळ्यात मध्यरात्रीच विझतो, असा अनुभव अनेक गावांना येतो. याचा हिशेब सभेतच मांडता येईल. १२ वॅटचा दिवा १२ तास जळाला, तर रात्रीस १४४ वॅट-तास लागतात. बॅटरी १२.८ व्होल्ट व ३० अँपिअर-तासांची असेल, तर तिच्यात ३८४ वॅट-तास मावतात. तिचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातील ऐंशी टक्केच वापरावयाचे ठरविल्यास सुमारे ३०७ उरतात, म्हणजे सूर्य न दिसता दोन रात्री निभावतात. काही वर्षांनी क्षमता सत्तर टक्क्यांवर आली की सुमारे २१५ वॅट-तास, म्हणजे जेमतेम दीड रात्र. श्रावणाची झड तीन दिवस लागली, तर दिवा विझणारच. तो चोरी, फसवणूक किंवा दुर्दैव यांचाच परिणाम असेल असे नाही. खरेदीच्या वेळी हा हिशेब न झाल्याचाही परिणाम असू शकतो.

यास्तव निविदा पाहताना चार प्रश्न अवश्य विचारावेत. बॅटरीची क्षमता किती तासांच्या विसर्जनावर मोजली आहे ? तिच्यातील किती टक्के साठा रोज वापरला जाणार आहे ? किती तापमानापर्यंतची हमी आहे ? आणि क्षमता कोठवर घटली म्हणजे पुरवठादार ती बदलून देईल ? बाद झालेल्या बॅटरीचे काय करावयाचे, हेही आता मोघम राहिलेले नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांचे पुनर्चक्रीकरण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

शाळेतील फळ्यावर

हे शास्त्र शाळेच्या प्रयोगशाळेतही दाखविता येते. ९ व्होल्टची एक बॅटरी, ४७ किलो-ओहमचा रोधक, १००० मायक्रोफॅरडचे १६ व्होल्ट सहन करणारे धारित्र व मल्टिमीटर एवढे साहित्य पुरे. रोधकातून धारित्र चार्ज करावे. त्याची धन व ऋण टोके उलटी जोडली जाणार नाहीत याची मात्र दक्षता घ्यावी. ४७ सेकंदांनी धारित्रावर सुमारे ५.७ व्होल्ट, ९४ सेकंदांनी सुमारे ७.८ व १४१ सेकंदांनी सुमारे ८.५ व्होल्ट दिसतील. आरंभी वेग आणि अखेरीस संथपणा, हाच तो पाझराचा आलेख. विद्यार्थ्यांनी तो स्वतः कागदावर काढला, तर मोबाइलचे चार्जिंग शेवटी का रेंगाळते, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याही पुढे जाता येईल. अमेरिकेतील बर्कले येथे १९७३ मध्ये तयार झालेल्या ‘स्पाइस’ या संगणकीय कार्यक्रमापासून परिपथांचे सदृशीकरण सर्वत्र रूढ झाले. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने त्याच परंपरेतील ‘ई-सिम’ हे साधन विनामूल्य उपलब्ध केले आहे. नागपुरात १९६० पासून कार्यरत असलेल्या विश्वेश्वरय्या संस्थेसह जिल्ह्यात अभियांत्रिकी शिक्षणाची परंपरा आहे. तेथील विद्यार्थ्यांनी स्थानिक ई-रिक्षांच्या बॅटऱ्यांचे रोध मोजून दिले, तरी चालकांचा मोठा लाभ होईल.

प्रतिमानाच्या मर्यादा

तथापि, गावाचा नकाशा म्हणजे गाव नव्हे, हे विसरता कामा नये. प्रतिमानाला आपण सांगू तेवढेच कळते. नव्या बॅटरीचे आकडे देऊन जुन्या बॅटरीचे भविष्य विचारल्यास उत्तर चुकीचे येईल. शिल्लक साठा मोजण्यासाठी आत गेलेल्या व बाहेर आलेल्या प्रवाहाचा जमाखर्च ठेवतात. पण रोजकीर्दीतील लहानशी चूक जशी महिनाअखेर मोठी होते, तसेच येथेही होते. म्हणून रोकड प्रत्यक्ष मोजून पाहावी, त्याप्रमाणे विश्रांतीतील व्होल्टेज अधूनमधून तपासावे लागते. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचे व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहत असल्याने तेथे ही तपासणी अधिक अवघड असते. शिवाय संचातील सर्व घट सारखे नसतात. थकलेल्या बैलाच्या चालीनेच जोडी चालते, तद्वत सर्वांत दुबळा घट सबंध संचाची मर्यादा ठरवितो. आतील दोष किंवा शॉर्टसर्किट साध्या प्रतिमानात दिसत नाही. त्यासाठी संरक्षक यंत्रणा व प्रत्यक्ष तपासणी यांना पर्याय नाही.

सारांश, बॅटरी ही अवर्णनीय जादूची पेटी नसून हिशेबास बांधलेली वस्तू आहे. एक स्रोत, एक रोध आणि पाझराची एक जोडी एवढ्या सामग्रीवर तिचा स्वभाव बऱ्याच अंशी ओळखता येतो. अधिकाऱ्याने चार्जिंग केंद्र मंजूर करण्यापूर्वी, सरपंचाने पथदीपाच्या देयकावर सही करण्यापूर्वी आणि शिक्षकाने धडा शिकविण्यापूर्वी हा हिशेब एकवार कागदावर मांडावा. त्यासाठी अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास वाचविल्यास त्याची भरपाई चढावर थांबलेला रिक्षाचालक आणि अंधारात चाचपडत घरी परतणारा गावकरी यांना करावी लागते.